आक्काच्या पुडीतली तांबडी कॅप्सूल

हात माझा थरथरत होता आणि डॉक्टर बघत होते आक्काकडे.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातली ती मेंदूविकारांची ओपीडी. साल त्र्याण्णव. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होतो, राहायला रोह्यात. मालाच्या चलनांवर सह्या करताना उजवा हात हलतो हे कंपनीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि दोन महिन्यांच्या आत चिठ्ठी देऊन मला मुंबईला धाडलं. माझ्या बायकोला, सुमनला, बस लागते. म्हणून सोबतीला माझी मोठी बहीण आली. ती पेणला एसटीत चढली, मांडीवर डब्याची पिशवी. आम्ही तिला आक्का म्हणतो.

डॉक्टरांनी मला बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, चालायला लावलं. मग म्हणाले, "पार्किन्सन्स आहे." मी काही विचारणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"ह्या कोण?"

"माझी बहीण. सोबत आलीय."

"बाई, ती पिशवी खाली ठेवा आणि दारापर्यंत जाऊन या बघू."

आक्का गेली. डावा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून होता. दाराशी वळताना तिने सात-आठ बारीक पावलं टाकली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ह्यांना तुमच्याआधी झालाय," ते म्हणाले. "निदान चार वर्षं तरी झाली असतील. कुणाला दाखवलं नाही का?"

दाखवलं होतं हो. तेच तर सांगायला बसलोय. तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल आणि त्यातून ती बाई असेल, तर पुढचं नीट वाचा. मी आजारी आहेच, पण ही हकीकत माझी नाही, तिची आहे. माझी चूक मात्र तीत आहे आणि ती मी लपवणार नाही.

आधी आजार काय ते सांगतो. मेंदूच्या आत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. अंगाची हालचाल सुरळीत व्हायला ते लागतं. त्या पेशी हळूहळू मरत जातात. मग तीन गोष्टी दिसतात. ट्रेमर म्हणजे कंप, रिजिडिटी म्हणजे ताठरपणा आणि ब्रॅडिकायनेशिया म्हणजे हालचाल मंदावणं. मला कंप होता, तो लोकांना दिसतो. आक्काला कंप नव्हताच. ती नुसती ताठत आणि मंदावत गेली, आणि अशा बाईकडे कोण बघतो?

आक्का विधवा, मूलबाळ नाही. पेणला रामवाडीत दोन खोल्यांचं तिचं स्वतःचं घर. पोह्यांचे पापड लाटून तिने आयुष्य काढलं. तिच्या हातचा पापड ताटाच्या कडेबाहेर यायचा. आणि मग तिचे पापड लहान होऊ लागले. पीठ तेच, लाटी तेवढीच, पण लाटणं मध्येच थांबायचं. तिला वाटायचं पापड झाला, आणि तो असायचा वाटीएवढा. गिऱ्हाइकं म्हणाली, आक्का लबाडी करायला लागली. आजारात अक्षर बारीक होतं तसंच हे, असं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आक्काने कधी अक्षर काढलंच नव्हतं, त्यामुळे तिचा आजार पापडात उतरला.

दुसरं, तिचा चेहरा गेला. म्हणजे चेहऱ्यावरचं हसू, रुसवा, सगळंच. डॉक्टर ह्याला मास्क्ड फेस म्हणतात, म्हणजे मुखवटा चढवल्यासारखा चेहरा. आत माणूस हसत असतो, बाहेर काही पोचत नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणू लागल्या, आक्काला शिष्टपणा आलाय, बोलावलं तरी हसत नाय. हळदीकुंकवाचं आमंत्रण तिला विधवा म्हणून नव्हतंच. आता ओट्यावर येऊन टेकणाऱ्या बायकाही येईनात. एक हिरा तेवढी यायची. ती शेजारीण, मिठागरावर कामाला जाणारी, जिभेने तिखट आणि मनाने गूळ.

पेणच्या डॉक्टरकडे आक्का चार वर्षं जात होती. त्याने रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. "अंगात रक्त नाही, विचार फार करता, वय झालं," एवढं निदान. ते खोटंही नव्हतं. आपल्याकडच्या निम्म्या बायकांना तेच सांगतात आणि त्यांच्या अंगात खरंच रक्त नसतं. मग तांबड्या कॅप्सूल सुरू झाल्या. आयर्नच्या, म्हणजे लोहाच्या. दिवसातून दोन. चार वर्षांत पायांची चाल काही सुधारली नाही आणि आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही की दुसरं काही असेल. मी तर म्हणायचो, आक्का, पालेभाजी खा. जणू काही भाजी मीच पिकवत होतो.

मुंबईहून परतताना पेणला उतरण्याआधी ती म्हणाली, "वसंता, एक सांगते. पायावर हाय तवर मी माझ्या घरात रानार. रोह्याला न्यायचा विचार करू नको."

मी हो म्हणालो. तिला तेवढंच हवं होतं. तिचं घर, आणि त्या घरात तिच्या पायांनी वावरणं. पुढे जे काही झालं ते ह्या एका गोष्टीसाठी झालं.

आम्हा दोघांना एकच औषध मिळालं. लेव्होडोपा. पोटातून रक्तात जातं, रक्तातून मेंदूत, आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. पिवळी गोळी, दिवसातून तीनदा. आक्काला त्याशिवाय दोन तांबड्या कॅप्सूल, पेणच्या डॉक्टरच्या. वर बीपीची एक बारकी गोळी.

मी स्टोअरकीपर. तीस वर्षं मालावर चिठ्ठ्या लावल्या. आक्काला वाचता येत नाही, पण वारांची पहिली अक्षरं मी तिला शिकवली होती. मग मी काय केलं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीवर वार, आणि सकाळला एक रेघ, दुपारला दोन, संध्याकाळला तीन. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पुडीत पिवळी आणि तांबडी एकत्र. दुपारच्या पुडीत पिवळी एकटी, जेवल्याबरोबर घ्यायची. विसरायला नको, चुकायला नको. दर पंधरा दिवसांनी दिवा स्टेशनकडे जाणाऱ्या रेल्वेने पेणला उतरायचं, बिस्किटांच्या डब्यात पुड्या भरून द्यायच्या आणि रिकामे कागद मोजून परत आणायचे. एकही पुडी कधी राहिलेली सापडली नाही. मला केवढा अभिमान होता त्याचा! सुमन म्हणायची, "बहिणीसाठी कारकुनी करताय का देवपूजा?" मी म्हणायचो, दोन्ही.

मला औषध लागू पडलं. महिन्याभरात सही सुधारली, कंपनीत शिफ्ट पुरी करू लागलो. आक्काला काहीच नाही. तीच गोळी, तेच आईबाप, पोटं वेगळी. मी तिला म्हणायचो, तू व्यायाम करत नाहीस. ती काही बोलायची नाही. तिचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की बोलली तरी मी "काय?" म्हणायचो आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलायचो.

सहा महिन्यांनी आम्ही दोघं पुन्हा मुंबईला गेलो. ओपीडीत शंभर माणसं. डॉक्टरांनी आक्काला विचारलं, "गोळीने फरक पडतो का? सगळे दिवस सारखेच जातात, की एखाद्या दिवशी बरं वाटतं?"

आक्काने तोंड उघडलं. ह्या आजारात उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. मागून नर्स पुढचा नंबर पुकारत होती. मी म्हणालो, "नाही डॉक्टर, तसं काही नाही. सगळे दिवस सारखेच."

डॉक्टरांनी डोस वाढवला. आणखी तीन महिन्यांनी आणखी. दोन्ही वेळा उत्तरं मी दिली.

सगळे दिवस सारखे नव्हते. हे मला हिराने एकदा गाडीपर्यंत सोडायला येताना सांगितलं होतं, दुसऱ्यांदा डोस वाढला त्या खेपेच्या आधी. "भाऊ, सोमवारी आक्का बगा कशी तुरुतुरू चालते. पानी आनते, अंगन झाडते. आनि मंगलवारी परत लाकूड. महादेवाचा वार हाय ना, उपास करते ती."

मी हसलो. मी शास्त्र मानणारा माणूस, कंपनीत नारळ फोडायच्या वेळीही मागे उभा राहणारा. म्हटलं, मनाचे खेळ आहेत. डॉक्टरांना हे सांगायची मला लाज वाटली. शिकलेल्या माणसासमोर सोमवारचा महिमा कोण सांगणार? म्हणून मी सांगितलं नाही. माझ्या मते मी अंधश्रद्धा आवरत होतो.

आक्काने मात्र स्वतःचा हिशोब जमवला. सोमवारी उपास केला की पाय उघडतात. मग मंगळवारही धरला, गणपतीचा. मंगळवारीही पाय उघडले. मग गुरुवार. मग शनिवार. दिवसभर चहा, एखादं केळं, उकडलेलं रताळं, आणि दिवेलागणीला थोडा भात. आठवड्यात चार दिवस उपाशी. मी पुड्या द्यायला जायचो ते रविवारी, आणि रविवारी ती खुर्चीत खिळलेली असायची. वाळत चालली होती ते दिसत होतं. विचारलं तर म्हणायची, "भूक नाय." पायांसाठी ती जेवण सोडत होती हे मला कळलं नाही.

पुढचं मला हिरानेच सांगितलं. डोस दोनदा वाढल्यावर उपासाच्या दिवशी आक्काचं अंग नुसतं सुटू लागलं असं नाही, तर हलू लागलं. मान डुलायची, खांदे वळायचे, हात आपोआप फिरायचे. गोळी घेतल्यावर तासाभराने सुरू व्हायचं आणि मग ओसरायचं. बायकांनी ते ओट्यावर पाहिलं. उपासाची बाई, देवाचा वार, आणि अंग घुमतंय. एकीने कुंकू आणलं. दुसरीने नारळ. पुढच्या मंगळवारी दहाजणी आल्या. आक्काच्या अंगात येतं, अशी बातमी रामवाडीभर झाली.

जी बाई हसत नाही म्हणून टाकली होती, तिच्या पाया पडायला त्याच बायका रांग लावू लागल्या. हळदीकुंकवाला जिला बोलवत नव्हते तिच्याच कपाळाला मळवट भरू लागल्या. लेकीचं जमेल का, नवऱ्याची दारू सुटेल का. आक्का फारसं बोलायची नाही. "व्हईल," एवढंच म्हणायची. बारीक आवाजात म्हटल्यामुळे ते आणखीच खरं वाटायचं.

हिराने मला कळवायचं ठरवलं, तोवर उशीर झाला. एका मंगळवारी सकाळी बायका जमल्या होत्या, आक्का ओट्याच्या कडेला उभी, अंग जोरात हलत होतं. एका म्हातारीने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आक्का तिला उठवायला वाकली आणि तोल जाऊन ओट्यावरून खाली दगडावर पडली. उजव्या मांडीचं हाड खुब्यात मोडलं. बायका काही क्षण तशाच उभ्या होत्या. देवी पडली की बाई, हे त्यांना ठरवता येईना. हिरा तिथे धावली, तिने शिव्या देऊन गर्दी हटवली आणि आक्काला न्यायला पोरांकडून खाट आणवली.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात मी दुपारी पोचलो. आक्का स्त्रियांच्या वॉर्डात, पायाला वजन बांधलेलं. कपाळावरचा मळवट घामाने गालापर्यंत ओघळला होता. सुमनने पदर ओला करून तो पुसला. मी आक्कावर चिडलो होतो, खरं सांगतो. मोडलेल्या पायाच्या बाईला मी म्हणालो, "देवी झालीस ना? मग सांगायचं होतंस देवीला." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते वाक्य मी पुढे रोज गिळतोय.

ऑपरेशनआधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा. रक्त चढवल्याशिवाय भूल देता येणार नाही. माझा आणि तिचा रक्तगट एकच. मी बाही वर केली. रक्तपेढीतल्या माणसाने माझ्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "काका, तुमचं चालणार नाही." मिठागरावरून हिराचे दोन भाऊ आले, पायांना चिखल तसाच. त्यांनी दिलं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी हिराला सांगितलं, "घरातली सगळी औषधं आणा. सगळी म्हणजे सगळी." हिराने बिस्किटांचा डबा आणला आणि आक्काच्या उशाजवळ सापडली म्हणून हिंगाची एक जुनी पत्र्याची डबीही आणली.

डॉक्टरबाईंनी डबी उघडली. आत हिंगाचा वास आणि तांबड्या कॅप्सूल. डबी काठोकाठ भरलेली.

मी थक्क झालो. माझ्या पुड्या तर रिकाम्या परत येत होत्या!

"ह्या कधीच्या, मावशी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी बोलायला गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि स्टूल ओढून आक्काच्या तोंडाजवळ बसल्या. वाट बघत बसल्या. मला वाटतं दोन मिनिटं गेली असतील.

"उपासाच्या," आक्का म्हणाली. "त्याचं टरफल जनावराच्या हाडाचं असतं म्हनतात. उपासाला कसं घेऊ? पिवली घेते. तांबडी काढून ठेवते. टाकली नाय एक पन. भावाची हाय."

आक्का इतर दिवशी बोंबील, निवट्या, सगळी मासळी खायची. उपासाच्या दिवशी मात्र कॅप्सूलचं टरफलसुद्धा नाही.

"आणि उपासाच्या दिवशी चालायला कसं वाटायचं?"

"मोकलं. गोलीनंतर तासभरानं देव यायचा, नि मग जायचा."

डॉक्टरबाईंनी डबीचं झाकण लावलं. मग त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि समजावलं. ते मी त्यांच्या शब्दांत सांगतो, कारण तुमच्याही उपयोगाचं आहे.

"लोह आणि लेव्होडोपा एकत्र पोटात गेले की एकमेकांना धरून बसतात. मग गोळीचा बराचसा भाग रक्तात पोचतच नाही. दोन्ही औषधं चांगली आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी घ्यायची. दुपारची गोळी त्या जेवल्याबरोबर घेत होत्या. मासळी, डाळ, ह्यांतली प्रथिनंही लेव्होडोपाची वाट अडवतात. म्हणजे रोजच्या दिवशी तिन्ही गोळ्या निम्म्या वाया. डॉक्टरांना वाटलं औषध कमी पडतंय, त्यांनी डोस वाढवला. उपासाच्या दिवशी पोट रिकामं, लोह नाही, त्यामुळे तो वाढवलेला डोस सगळाच्या सगळा लागू पडायचा. त्याने अंग हलतं. डिस्कायनेशिया म्हणतात, म्हणजे औषध जास्त झाल्याने आपोआप होणाऱ्या हालचाली."

"पण मला तर तसं काही झालं नाही," मी म्हणालो.

माझी फाइल माझ्या पिशवीत होतीच. त्यांनी दोघांचे रिपोर्ट कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले. माझं हिमोग्लोबिन पंधरा, वजन सत्तर किलो. तिचं साडेसहा, वजन अडतीस. माझं यूरिक अॅसिड वरच्या काठाला, त्याने माझा अंगठा सुजतो. तिचं अगदी तळाला.

"काका, तुमच्यासारखं रक्त असलेल्या माणसाला कोणी लोह देत नाही. बायकांना देतात, द्यावंच लागतं. म्हणून ही गाठ तुमच्या पोटात कधी पडणारच नव्हती. वजन कमी असलं की तोच डोस जास्त होतो, आणि अंग हलणं बायकांत जास्त दिसतं. ह्या यूरिक अॅसिडबद्दलही आता कुठे कुठे बोलतात, की पुरुषांच्या रक्तात ते जास्त असतं आणि त्याने मेंदूच्या पेशी थोड्या जपल्या जात असतील. पण ती शंका आहे, खात्री नाही. रक्ताच्या कागदावरून मेंदूचं भविष्य कुणी सांगू शकत नाही. आजार एक असला तरी अंगं दोन आहेत, एवढं मात्र नक्की."

मग त्यांनी विचारलं, "पुड्या कोणी बांधल्या?"

मी सांगितलं. त्यांनी त्यातली एक पुडी उलगडून माझ्यासमोर धरली.

पिवळी आणि तांबडी मीच एका कागदात बांधली होती. शिस्तीने, वार घालून, दीड वर्षं. आणि एक अडाणी बाई दर उपासाला त्या वेगळ्या करत होती, आणि बरी होत होती, आणि त्याचं श्रेय देवाला देत होती. मी तिला एकदा जरी विचारलं असतं की सोमवारी काय वेगळं करतेस, तर तिने डबी दाखवली असती.

ऑपरेशन झालं. औषधांच्या वेळा बदलल्या. पिवळी जेवणाआधी तासभर, डोस कमी करून. तांबडी दुपारी, दोन पिवळ्यांच्या मधोमध, एकटी. आठवड्याभरात आक्काचे हात सुटले. एका सकाळी मी वॉर्डात शिरलो तर ती शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बोलणं ऐकून हसत होती. पाच-सहा वर्षांनी मी तिचं हसणं पाहिलं. दाराबाहेर जाऊन रडलो.

पाय मात्र आले नाहीत. पाळी गेल्यावर बायकांची हाडं पोकळ होत जातात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्यात दीड वर्षाचे उपास. ऑपरेशनात खुब्यात बसवलेला खिळा धरेना. वॉकरला धरून चार पावलं, मग खुर्ची. औषध लागू पडलं आणि चालायला हाड राहिलं नाही. ज्या पायांसाठी ती उपाशी राहिली, ते उपासानेच गेले.

ती रोह्याला आमच्याकडे आली. घर सोडताना रडली नाही. हिराला किल्ली दिली आणि म्हणाली, "दिवा लाव गो सांजचा." बस्स. रोह्यात सुमनने तिला खिडकीशी पाट-लाटणं मांडून दिलं. पहिला पापड तिने लाटला तो पोळपाटाबाहेर गेला. सुमनने तो भाजला नाही, तसाच वाळवून ठेवला.

एकदा मी विचारलं, "आक्का, तुला खरंच वाटत होतं देवी येते?"

"नाय रे," ती म्हणाली. "गोलीनं व्हतं त्ये मला कलत होतं थोडं थोडं. पन चार वर्सं कोन माझ्याकडं बगत नव्हतं. मग सगल्या बगाया लागल्या. बरं वाटलं."

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो.

रोह्यात ती दीड वर्ष होती. शेवटच्या वेळी मुंबईला गेलो तेव्हा गाडी करून गेलो. तीच ओपीडी, तीच गर्दी, तेच डॉक्टर. त्यांनी विचारलं, "कसं वाटतं?" आणि मी सवयीने तोंड उघडलं. आक्काने माझ्या मांडीवर हात ठेवला. मी गप्प बसलो.

ती बोलली. हळूहळू, थांबत थांबत. पापड लहान झाल्यापासून सगळं सांगितलं. नर्सने दोनदा नंबर पुकारला. डॉक्टर उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. शेवटी आक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याच्यावर रागावू नका सायेब. माजा भाऊ चांगला हाय. त्यानं सगलं केलं. फकस्त इचारलं नाय."

त्यानंतरच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. ह्या आजारात गिळण्याचे स्नायू मंदावतात, घास श्वासनळीत जातो, त्यातून होतो. शेवटचे तीन दिवस हिरा मिठागराचं काम सोडून रोह्याला येऊन बसली होती. त्या तरुण डॉक्टरबाईंना मी पत्र लिहिलं आणि आभार मानले. ज्या दोन मिनिटांत त्या स्टूलावर गप्प बसल्या होत्या, त्या दोन मिनिटांचे.

माझे आता दोन्ही हात हलतात. तीन महिन्यांनी ओपीडीत जातो. बाकावर शेजारी कुठलीतरी ताठलेली बाई असते, आणि तिच्या वतीने भडाभडा बोलणारा नवरा, मुलगा, भाऊ. चांगली माणसं असतात, फाइली नीट लावलेल्या असतात. मी त्यांना एवढंच म्हणतो, "जरा थांबा. त्यांना बोलू द्या. वेळ लागेल." काही जण रागावतात. काही थांबतात.

वाळवलेला तो मोठा पापड अजून आमच्या फडताळात आहे. आणि हिंगाची डबी माझ्याकडे आहे. माझ्या गोळ्या मी तिच्यात ठेवतो, आणि रोज सकाळी ती उघडली की आधी सुमनला विचारतो, तुला आज कसं वाटतंय?